घरातलं स्टार कासव: परवाना मिळेल का?

प्रश्न: मुलीच्या हट्टामुळे दोन महिन्यांपूर्वी एका विक्रेत्याकडून स्टार कासवाचं पिल्लू घेतलं. ‘घरच्या जोडीचं पिल्लू आहे, कागद लागत नाहीत,’ असं तो म्हणाला. बाल्कनीत टबात पाणी भरून त्याला ठेवलं. आता ते खात नाही. दिवा, माती आणून नीट घर करावं म्हणून चौकशी केली, तर हे कासव पाळणं गुन्हा आहे असं कळलं. परवाना काढता येईल का, की नदीत सोडून द्यावं?

उत्तर: दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आहे. पण आधी कासव टबातून बाहेर काढा. स्टार कासव जमिनीवरचं आहे, त्याला पोहता येत नाही. सतत ओल्यात राहिलं की कवच खराब होतं, अंग गार पडतं, छाती भरते. अंग गार पडलं की अन्न पचत नाही, म्हणून ते खाणंही सोडतं.

ते नक्की स्टारच आहे ना, हे पाहून घ्या. कवचावरच्या प्रत्येक उंचवट्याच्या टोकाला पिवळा ठिपका असतो आणि तिथून पिवळ्या रेषा किरणांसारख्या फाकतात. अलगद उलटं करून पाहिलंत तर पोटाकडच्या बाजूलाही तसेच पट्टे दिसतील. दोन्हीकडून फोटो काढून ठेवा.

आता कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तेव्हापासून स्टार कासव अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत आहे. तुमची खरेदी त्यानंतरची आहे. अशा प्राण्याच्या गुन्ह्याला कलम ५१ नुसार किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड आहे. किमान शिक्षा ठरलेली असल्यामुळे दंड भरून तडजोड करण्याची कलम ५४ ची वाट इथे बंद आहे.

‘घरच्या जोडीचं पिल्लू’ हा बचाव टिकत नाही. ती जोडी आली कुठून, याचा कागद विक्रेत्याकडेही नसतो. शिवाय कलम ५७ नुसार ताबा बेकायदा असल्याचंच गृहीत धरलं जातं. तो कायदेशीर होता हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. बाजारातून घेतलेलं कासव मागाहून नियमित करून देणारा परवाना कायद्यात नाही. त्यासाठी पैसे मागणारा एजंट भेटला तर तो फसवतो आहे, हे पक्कं समजा.

नदीत सोडलंत तर ते बुडेल. झुडपात सोडलंत तरी त्याचा आजार तिथल्या कासवांना लागू शकतो. आणि तुमच्या बाजूने दाखवण्यासारखी एकमेव गोष्ट, म्हणजे स्वतःहून केलेला ताबा-परत, हातची जाईल. गावी नातेवाइकांकडे पाठवणं तर त्याहून वाईट: विनापरवानगी वाहतूक हा कलम ४८अ खाली वेगळा गुन्हा होतो.

तुमच्यासाठी रस्ता कलम ३९ चा. असा प्राणी ताब्यात आला की ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनअधिकाऱ्याला कळवायचं असतं. ती मुदत गेली आहे, म्हणून आणखी एक दिवसही घालवू नका. स्वतःहून दिल्याने गुन्हा आपोआप पुसला जात नाही, हे मी लपवणार नाही. पण छाप्यात कासव सापडणं आणि तुम्ही ते अर्ज करून देणं यात जामिनाच्या वेळी आणि खटल्यात फार मोठा फरक पडतो.

फौजदारी काम करणारा वकील आधी गाठा. मग महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करून ‘कासव घ्यायला या’ म्हणून सांगा. स्वतः गाडीत घालून नेऊ नका. अर्ज दोन प्रतींत करा: कासव कधी आणि कोणाकडून आलं, लांबी किती, प्रकृती कशी, आणि ते स्वेच्छेने देत आहात. एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ अशी पोच घ्या. पंचनाम्याची प्रत मागा. विक्रेत्याशी झालेलं बोलणं आणि पैसे पाठवल्याची नोंद मोबाइलमधून पुसू नका. आणि जबाबाबाबत सावध राहा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब एरवी पुरावा ठरत नाही, पण या कायद्यात सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेली साक्ष कलम ५०(८) आणि (९) खाली न्यायालयात ग्राह्य धरली जाते. म्हणून खरंच सांगा, पण वकिलाशी बोलून, आणि वाचल्याशिवाय सही करू नका.

वनकर्मचारी येईपर्यंत साधारण ६० × ४० सेंटीमीटरचा, बाहेरचं न दिसणारा खोका पुरे. तळाला वर्तमानपत्र, एका कोपऱ्यात लपायला आडवी कुंडी, दुसऱ्या टोकाला दिव्याची ऊब. बशीत पाणी त्याच्या हनुवटीखाली राहील इतकंच. गवत आणि जास्वंदीची पानं द्या. दूध, पोळी, फळं नकोत.

मुलीला पुढे कासव हवंच असेल, तर कुठलंही भारतीय कासव नको. पाठीवर छपरासारखा कणा असलेलं पाण्यातलं कासवही अनुसूची १ मध्येच आहे. आफ्रिकेतलं सल्काटा हे जमिनीवरचं कासव अनुसूची ४ मध्ये, म्हणजे वन्यप्राणी-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या (साइटिस) प्राण्यांच्या यादीत येतं. ते पाळता येतं, पण ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी हवी. विक्रेत्याच्या नावावरची नोंदणी आधी पाहा, मगच पैसे द्या. आज तळहातावर मावणारं ते पिल्लू पुढे ४० किलोच्या वर जातं आणि बिळं खणतं. कुंपण जमिनीवर ६० सेंटीमीटर आणि जमिनीखाली तितकंच लागतं. घरात ठेवाल तितके दिवस यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) दिवा हवा, कारण खिडकीची काच ते किरण अडवते आणि त्यांच्याविना कवच मऊ पडतं. बाल्कनीत हे होणार नाही, हे मुलीला आधीच सांगा.