पुडीतले जिवाणू आणि मातीतले

प्रश्न : नागपूरजवळ हिंगण्याला आमचं छोटं वर्कशॉप आहे. मागच्या अंगणातली माती डिझेल आणि इंजिन ऑइल सांडून काळी पडली आहे, वासही मारते. खणून काढली तर एखादा टन भरेल. एक विक्रेता 'तेल खाणारे जिवाणू' किलोवर देतो. घ्यावेत का?

उत्तर : इतक्यात नको. जिथं वर्षानुवर्षं तेल सांडतं, तिथं ते खाणारे जिवाणू आपसूक वाढलेले असतात. स्युडोमोनाससारखे तर साध्या मातीतही सापडतात. त्यांचं काम अडतं ते हवा, ओल आणि नत्रापायी. तेलात कार्बन भरपूर, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाहीच. पानात नुसतं तूप वाढलंय, पोळीचा पत्ता नाही.

मातीत तेल किती आहे ते प्रयोगशाळेत तपासून घ्या. समजा वजनाच्या १ टक्का निघालं. म्हणजे टनाला १० किलो तेल, त्यात कार्बन साधारण साडेआठ किलो. कार्बन, नत्र, स्फुरद यांचं १००:१०:१ हे प्रमाण धरलं, तर ८५० ग्रॅम नत्र लागेल. हिशेबानं १.८५ किलो युरिया आणि सव्वा किलो सिंगल सुपर फॉस्फेट झालं. सुपर फॉस्फेट सुरुवातीलाच मिसळा. युरिया मात्र चार हप्त्यांत, तीन-तीन आठवड्यांनी. 'एकदाच टाकून मोकळं होऊ' म्हणणारे इथंच फसतात. आपली काळी माती मुळात अल्कधर्मी. तिच्यात युरिया जास्त झाला की अमोनिया सुटतो, नत्र हवेत उडून जातं आणि जिवाणूही मार खातात. ढिगाजवळ नाकात झोंबलं, तर पुढचा हप्ता लांबवा.

काळ्या मातीची दुसरी खोड तुम्हाला ठाऊकच आहे : ओली झाली की लोण्यासारखी, वाळली की दगड. दोन्ही अवस्थांत आत हवा जात नाही. चार टोपली मातीला एक टोपलं सोयाबीनचं कुटार मिसळा, पण जुनं, अर्धवट कुजलेलं. ताजं कुटार कुजताना तेलासाठी दिलेलं नत्रच खाऊन टाकतं.

खाली जाड ताडपत्री, तिच्या कडा वीतभर वर उचललेल्या. ढीग मीटरभरापेक्षा उंच नको. वर छप्पर हवंच, कारण पावसात तेल धुऊन नाल्याला लागेल आणि मे महिन्यात वरचा थर दोन दिवसांत कोरडाठाक होईल. आठ-दहा दिवसांनी फावड्यानं ढीग उलथापालथा करा. मूठभर माती दाबून पाहा : लाडू वळला पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये.

डिझेल तीन ते सहा महिन्यांत बरंच उतरतं. इंजिन ऑइलचे रेणू मोठे, त्यांना जास्त वेळ लागतो. शिवाय वापरलेल्या ऑइलमध्ये जस्त, कधी शिसंही असतं, आणि धातू कुठलाच जिवाणू पचवून संपवत नाही. म्हणून पहिल्याच तपासणीत धातूही बघून घ्या. ते जास्त निघाले, तर ती माती बुटीबोरीच्या धोकादायक कचरा प्रकल्पाकडे द्यावी लागेल. तेल ५ टक्क्यांच्या वर असेल तर जिवाणू गुदमरतात. आधी मोकळं तेल निथळून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्या.

विक्रेत्याची पारख करायची असेल तर तीन घमेली भरा. एकात नुसती माती, दुसऱ्यात खत घातलेली, तिसऱ्यात खत आणि त्याची पावडर. तिन्हींना सारखंच पाणी आणि सारखीच ढवळणी. दोन महिन्यांनी तिन्हींतलं तेल तपासा. दुसरं आणि तिसरं सारखं निघालं, तर पावडरचे पैसे वाचले.

प्रश्न : सेप्टिक टँकमध्ये दरमहा जिवाणूंची पुडी टाकली तर टाकी कधीच उपसावी लागत नाही, असं सांगतात. खरं का?

उत्तर : नाही. जिवाणू तर मैल्यातूनच रोज येतात. तळाशी साचते ती वाळू, तंतू, न कुजणारा गाळ. पुडीनं तो नाहीसा होत नाही. काठीला पांढरं फडकं गुंडाळून टाकीच्या तळापर्यंत सोडा. फडक्यावरचा काळा पट्टा आणि वर तरंगणारी साय मिळून खोलीच्या एक तृतीयांश झाली, की टाकी उपसा. साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते. तळाचा थोडा गाळ राहू द्या, तेच पुढचं विरजण. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर बेतानं वापरा. आणि टाकीत माणूस उतरवू नका, क्षणभरही नाही. आतला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला 'आता हवा बरी आहे' असं वाटतं. २०१३ च्या कायद्यानंही अशा सफाईवर बंदी आहे.

प्रश्न : नाग नदीत जिवाणूंचे मातीचे गोळे टाकून पाणी सुधारेल का?

उत्तर : वाहत्या नाल्यात ते टिकतच नाहीत, आणि सांडपाणी रोज नव्यानं येतं. भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्रात काम जिवाणूच करतात, पण टाकीत कोंडून, हवा पुरवून. तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं.

प्रश्न : हिपॅटायटिस-बीची लस यीस्टमध्ये बनते असं वाचलं. मग ती गोठली की फेकून द्या असं सिस्टर का म्हणतात?

उत्तर : विषाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या एका प्रथिनाचा जनुक यीस्टमध्ये घालतात, यीस्ट ते प्रथिन बनवतं. मग पेशी फोडून ते वेगळं काढतात. लसीत विषाणू नसतोच, त्यामुळे तिच्यानं कावीळ होण्याचा प्रश्न येत नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये अशी पहिली लस मंजूर झाली.

हे प्रथिन ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या बारीक कणांना चिकटवलेलं असतं. गोठलं की कणांच्या गुठळ्या होतात आणि वितळल्यावरही त्या सुटत नाहीत. लस दुबळी पडते. साठवण २ ते ८ अंशांत. गंमत अशी, की नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यातही घात थंडीच करू शकते : उन्हाच्या धास्तीनं लोक फ्रीझरमधले कडक आइसपॅक थेट लस नेण्याच्या कॅरिअरमध्ये भरतात. ते आधी बाहेर काढून ठेवा; पॅकला घाम फुटला आणि हलवल्यावर आत पाणी खळखळलं, की मगच भरा.

शंका असेल तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवा. दोन्ही एकदमच हलवून शेजारी ठेवा, अर्धा तास निरखा. संशयातल्या कुपीचा साका गोठवलेल्या कुपीइतकाच किंवा जास्त वेगानं बसला, तर ती बाद. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीला ही चाचणी लावू नका, तिला गोठण्यानं काही होत नाही.

हाताळणीतली चूक किती महाग पडते, ते १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला दिसलं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत १८९७ मध्ये तयार केलेली प्लेगची लस तिथं टोचली आणि १९ जण धनुर्वातानं गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला.