जैन शेजाऱ्यांचे उपवास नेमके कोणत्या तिथींना असतात, आणि त्यांना काय चालतं?

तुम्ही लिहिलंय की गणपतीत शेजारच्या काकूंचा उपवास आहे असं कळल्यावर साबुदाण्याची खिचडी करून नेलीत, आणि त्यांनी हात जोडून नको म्हटलं. त्याचं तुम्हाला वाईट वाटलं. मी सांगलीकडची दिगंबर जैन आहे, म्हणून आधी हेच सांगते की त्यात तुमचा अनादर मुळीच नव्हता. आमच्यात फराळाचा उपवास नसतो. उपवास म्हणजे अन्न पूर्ण बंद. घेतलंच तर उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. कडक करणारे तेवढंही घेत नाहीत. ज्यांना झेपत नाही ते एकाशन करतात, म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवण. त्यातही बटाटा आणि रताळं ही कंदमुळं म्हणून वर्ज्य. उपवासाचं तुमच्याकडचं ताट आमच्या उपवासाला चालत नाही ते यामुळे.

महिन्यातल्या ठरलेल्या तिथी चार: दोन्ही अष्टम्या आणि दोन्ही चतुर्दश्या. माझी आजी सप्तमीला दुपारी एकदा जेवायची, अष्टमीला काहीच नाही, नवमीला पुन्हा एकदाच. याला प्रोषधोपवास म्हणतात, सोळा प्रहरांचा. अष्टमीला ती पहाटे मंदिरात जायची, दुपारी शास्त्र वाचायची, संध्याकाळी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसायची. पोट रिकामं ठेवणं हा त्यातला लहान भाग, असं ती म्हणायची, आणि तिला पाहिल्यावर ते पटायचं. श्वेतांबर घरांत बीज, पंचमी आणि एकादशीही पाळतात. निदान त्या दिवशी हिरवी भाजी करत नाहीत.

आता कॅलेंडरवर अष्टमी एका दिवशी आणि काकूंचा उपवास आदल्या दिवशी, असं कधी दिसलं तर गोंधळू नका. आपल्या पंचांगात सूर्योदयाला जी तिथी तीच त्या दिवसाची. दिगंबर परंपरेत मात्र व्रताची तिथी सूर्योदयानंतर किमान सहा घटिका, म्हणजे २ तास २४ मिनिटं, असावी लागते. तेवढी नसेल तर व्रत आदल्या दिवशी करतात. म्हणून आमच्या घरी कॅलेंडरशेजारी मंदिरातून आलेलं तिथीदर्पण, म्हणजे जैन तिथींचं कॅलेंडर, टांगलेलं असतं.

काकू श्वेतांबर की दिगंबर हे तुम्ही लिहिलं नाहीत, आणि भाद्रपदात त्याने फरक पडतो. श्वेतांबरांचं पर्युषण आठ दिवसांचं. ते श्रावण वद्यात सुरू होतं. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे संवत्सरी. श्वेतांबरांतल्या मूर्तिपूजकांची ती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्याकडे गणपती बसतात त्याच दिवशी येते. वर्षभर कधी उपवास न करणाराही त्या दिवशी करतो. काही जण आठही दिवस फक्त पाण्यावर राहतात, त्याला अठ्ठाई म्हणतात. मूर्ती न पुजणारे स्थानकवासी श्वेतांबर पंचमीला संवत्सरी करतात. आमचं दशलक्षण पर्व त्या पंचमीलाच सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीला संपतं. २०२५ साली ते २८ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर होतं. क्षमा, मार्दव, आर्जव असा रोज एक धर्म घेऊन मंदिरात प्रवचन होतं. अनंत चतुर्दशी हा बाराव्या तीर्थंकरांचा, वासुपूज्यांचा मोक्षाचा दिवस. बाहेर विसर्जनाचे ढोल वाजत असतात आणि आत आमचा बहुतेकांचा निर्जळी उपवास असतो. लहानपणापासून माझ्यासाठी भाद्रपद म्हणजे हे दोन्ही एकत्र.

बाकी सणांपैकी महावीर जयंती चैत्र शुद्ध त्रयोदशीला. अक्षय्य तृतीयेला ऋषभदेवांच्या दीर्घ उपवासाचं पारणं उसाच्या रसाने झालं, म्हणून वर्षीतप, म्हणजे वर्षभर एक दिवसाआड उपवास, करणारे त्या दिवशी उसाचा रस घेतात. दिवाळीच्या अमावास्येला पहाटे महावीरांच्या निर्वाणाचा लाडू मंदिरात चढवतो. कार्तिक, फाल्गुन आणि आषाढात शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत अष्टान्हिका असते, तेव्हाही अनेक घरांत एकाशन चालतं.

तुम्हाला त्यांच्यासाठी काही करायचंच असेल, तर उपवास चालू असताना नुसती तब्येतीची विचारपूस करा. आणि पर्व संपल्यावर जेवायला बोलवा. कांदा, लसूण, बटाटा नको, आणि वेळ सूर्यास्ताआधीची ठेवा. भाद्रपद वद्य प्रतिपदेला आमची क्षमावणी, म्हणजे एकमेकांची क्षमा मागण्याचा दिवस, असते. काकू दिगंबर असतील तर त्या दिवशी दारात येऊन हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतील. श्वेतांबर असतील तर संवत्सरीला "मिच्छामि दुक्कडम्", म्हणजे माझ्या चुकांची क्षमा असावी. तुम्हीही हात जोडून तेच म्हणा, आणि आमंत्रण तेव्हाच देऊन टाका.