मुंबईजवळ समुद्रकिनाऱ्यावरचे स्थलांतरित पक्षी बघायला कुठे आणि कधी जावं?

आक्षीला जा. अलिबागहून नागावला जाताना वाटेत लागतं. ऑक्टोबर ते मार्च कधीही चालेल, पण निघण्याआधी पंचांग बघा. पहिल्या दोन्ही खेपांना मी ते बघितलं नव्हतं. पहाटे उठून पोचलो तर पाणी पार लांब गेलेलं, आणि पक्षी म्हणजे दुर्बिणीतूनही नुसते ठिपके.

या पक्ष्यांचा दिवस सूर्यावर नाही, भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या वाळूत भक्ष्य टिपत ते दूरवर पांगतात. पाणी चढू लागलं की तेच त्यांना आपल्याकडे सरकवत आणतं. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे साधारण नऊ वाजता भरती. तुम्ही सातलाच जाऊन बसा. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन आपल्या पाठीशी आणि थेट पक्ष्यांच्या अंगावर असतं.

सुरूच्या झाडांपुढे वाळूत बसायचं आणि हलायचं नाही. मग सँडरलिंग येतात. जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमचा जीव, उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून आलेला. लाट मागे हटली की तिच्यामागे धावतात, भराभर चोची खुपसतात, पुढची लाट आली की पुन्हा वर पळतात. पायाला मागचं बोटच नसतं त्यांच्या. एकदा हा थवा माझ्यापासून दहा-बारा पावलांवर आला होता, ओल्या वाळूवरचे तीन-तीन बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. लांब नारिंगी चोचीचे काळे-पांढरे ऑयस्टरकॅचरही इथे दिसतात. मार्चअखेरीस गेलात तर चिखल्यांच्या, म्हणजे प्लोव्हर पक्ष्यांच्या, छातीवर विटकरी रंग चढू लागलेला दिसेल, परतीची तयारी.

एक कळकळीची विनंती. फोटोसाठी थवा उडवू नका. गेल्या जानेवारीत कुणीतरी वाळूवरून गाडी पळवली आणि विसावलेला अख्खा थवा तीनदा उठला. परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगात साठवलेली चरबी अशा उठण्या-बसण्यात जळते, हे बघताना फार वाईट वाटतं.

मांडव्याला बोटीने येणार असाल तर मागे येणारे कुरव, म्हणजे सीगल, डेकवरून मनसोक्त बघा. वेफर्स-गाठ्या मात्र टाकू नका, ते त्यांचं खाणं नव्हे.