ओयाकोदोन घरी करताना: प्रत्येकाचे अंडे वेगळे

प्रश्न: बदलीमुळे आम्ही टोकियोहून इंग्लंडमध्ये राहायला आलो. मुलांना तिकडच्या ओयाकोदोनची, म्हणजे भातावर कोंबडी आणि अंडे घालून मिळणाऱ्या वाडग्याची, फार आवड लागली आहे. मी तो घरी केला की अंड्याची भुर्जी होते. सध्या सासूबाई आमच्याकडे आहेत. त्या अंडे खातात, पण नीट शिजलेलेच, आणि कोंबडी व मासळी त्यांना वर्ज्य आहे. सर्वांसाठी हा पदार्थ कसा जमवावा?

उत्तर: सर्वांचे एकाच कढईत शिजवण्याचा आग्रह आपण सोडलात, तर निम्मी अडचण तिथेच संपेल. टोकियोतील निंगयोचो भागातले १७६० साली सुरू झालेले तामाहिदे हे उपाहारगृह या पदार्थाचे मूळ घर मानले जाते आणि १८९१ च्या सुमारास तो तिथे प्रथम झाला असे सांगतात. जपानी उपाहारगृहांत त्यासाठी उभ्या दांड्याचे, एकाच माणसापुरते पसरट, लहान भांडे वापरतात. आपल्याकडे ऑम्लेटचा लहान तवा असेल तर तोही चालेल. एक वाडगा पाच-सहा मिनिटांत होतो. त्यामुळे पोळ्या जशा एकेक करून ताटात वाढतो, तसे हे वाढावे.

एका वाडग्यासाठी १०० मिलिलिटर दाशी (जपानी स्वयंपाकातला पातळ रस्सा), सोया सॉस व मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू) प्रत्येकी एक मोठा चमचा आणि साखर एक लहान चमचा एवढे पुरते. त्यात पाव कांदा उभा चिरून घालावा आणि तो मऊ होऊ लागला की कोंबडीच्या मांडीचे साधारण १०० ग्रॅम बिनहाडाचे, एका घासाचे तुकडे सोडावेत. छातीचे मांस लवकर कोरडे पडते, म्हणून मांडीच घ्यावी. अंडे घालण्यापूर्वी कोंबडी आतपर्यंत पूर्ण शिजलेली असली पाहिजे, कारण अंडे पडल्यावर तिला पुरेसा वेळ मिळत नाही. मसाला, हळद, आले-लसूण यांपैकी काहीही घालू नये. हात शिवशिवला तरी आवरावा.

भुर्जी होण्याचे कारण बहुधा अंडे फार फेटणे आणि नंतर ढवळणे हे असावे. दोन अंडी काडीने आठ-दहा वेळाच मोडावीत, म्हणजे पांढऱ्या आणि पिवळ्याच्या रेषा वेगळ्या दिसत राहतात. रस उकळत असताना त्यातील दोन तृतीयांश अंडे बाहेरून आत गोल फिरवत ओतावे आणि मुळीच ढवळू नये. कडा घट्ट झाल्या की उरलेले घालून झाकण ठेवावे आणि आच बंद करावी. अर्ध्या मिनिटाने मऊ, ओलसर थर तयार होतो. तो रसासकट भातावर सरकवावा.

हा ओलसरपणा मुलांना द्यावा की नाही, हे अंड्यांवर अवलंबून आहे. जपानमध्ये अंड्यांच्या डब्यावरची तारीख ती कच्ची खाण्याच्या मुदतीची असते, म्हणून तिथे कोणी फारसा विचार करत नाही. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१७ साली सल्ला बदलला. त्यानुसार कवचावर लाल सिंहाचा शिक्का असलेली अंडी लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांनीही अर्धवट शिजवून खाण्यास हरकत नाही. वैद्यकीय देखरेखीखाली विशेष आहार घेणारे, प्रतिकारशक्ती फार कमी झालेले रुग्ण मात्र याला अपवाद आहेत. शिक्का नसेल, तर झाकण ठेवून आणखी दोन मिनिटे मंद आचेवर ठेवावे आणि अंडे पूर्ण घट्ट होऊ द्यावे. चव थोडी उतरते, पण बिघडत नाही.

सासूबाईंसाठी कोंबडी वगळावी आणि अंडे वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण घट्ट होऊ द्यावे. जपानमध्ये अशा बिनकोंबडीच्या वाडग्याला तामागोदोन म्हणतात आणि तो तिथेही रोजच्या जेवणातला आहे. मात्र दाशीकडे लक्ष द्यावे. नेहमीच्या दाशीत धुरवून वाळवलेल्या बोनिटो माशाचे काप असतात आणि पाकिटातल्या तयार पुडीतही बहुधा मासाच असतो. त्यांच्यासाठी कोंबू हे समुद्रशेवाळ आणि दोन वाळलेली शिताके अळंबी थंड पाण्यात रात्रभर भिजत घालून ते पाणी वापरावे. मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के मद्यार्क असतो. तो नको असल्यास मिरिनऐवजी थोडे पाणी आणि साखर अर्धा चमचा वाढवावी. त्यांचा वाडगा आधी, स्वच्छ तव्यात करावा.

भाताला बासमती नको. आखूड, चिकट दाण्याचा जपानी तांदूळच हवा. तो मिळाला नाही आणि भारतीय दुकानात इंद्रायणी असेल, तर तो चांगला जमतो. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवावा आणि शिजल्यावर दहा मिनिटे झाकून ठेवावा. मुले शाळेच्या डब्यात मागतील, तर मात्र नाही म्हणावे.