मोठं कॅबिनेट, छोटा बोर्ड: तुमचे प्रश्न

संगणकाचा जुना बोर्ड (मदरबोर्ड) गेला की बाजारात चटकन हाती लागतो तो मायक्रो-एटीएक्स, म्हणजे एटीएक्स या नेहमीच्या मापाचा छोटा भाऊ. घरातलं कॅबिनेट मात्र जाड पत्र्याचं, मोठं आणि टाकवत नाही असं. या वेळी बहुतेक प्रश्न याच जोडीबद्दल आले आहेत.

माझं कॅबिनेट एटीएक्सचं आहे. त्यातला बोर्ड जळाला, आता मायक्रो-एटीएक्स घेतोय. दुकानदार म्हणतो, कॅबिनेटही नवं घ्यावं लागेल. खरं का? (नागपूर)

अजिबात नाही. कॅबिनेट ठेवा आणि ते पैसे चांगल्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, घाला.

एटीएक्सचा आराखडा इंटेलने १९९५ मध्ये आणला. त्यात बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. १९९७ मध्ये मायक्रो-एटीएक्स आला, २४४ बाय २४४ चा, आणि २००१ मध्ये व्हीआयए कंपनीने मिनी-आयटीएक्स आणला, १७० बाय १७० चा. आकार घटत गेला, पण मागच्या पोर्टांची जागा आणि त्या बाजूचा वरचा कोपरा जाणूनबुजून तिथल्या तिथे ठेवला. बोर्ड लहान होतो तो खालून आणि पुढून. म्हणून आयओ प्लेटचं (पोर्टांभोवतीच्या पत्र्याच्या चौकटीचं) भोक तेच राहतं, पहिल्या कार्डाचा स्लॉट त्याच जागी येतो आणि वरच्या पेचांची भोकंही जुळतात. कमी होतात ते स्लॉट: एटीएक्सला सात, मायक्रोला चार, मिनी-आयटीएक्सला एक.

खरं लक्ष द्यायचं ते पत्र्यावरच्या पितळी स्टँडऑफकडे, म्हणजे बोर्ड ज्यांवर पेचांनी बसतो त्या छोट्या खुंट्यांकडे. एटीएक्सची सगळ्यात खालची रांग मायक्रो बोर्डाच्या बाहेर पडते, तिने काही बिघडत नाही. मायक्रोच्या खालच्या रांगेसाठी मात्र स्टँडऑफ वरच्या भोकांत हलवावे लागतात. यासाठी एक सोपी रीत सांगतो. बोर्डाच्या खोक्यावर पातळ कागद पसरा, त्यावर बोर्ड ठेवा आणि पेन्सिलीने भोकं गिरवा. तो कागद कॅबिनेटच्या पत्र्यावर मागच्या वरच्या कोपऱ्याला जुळवून धरला की कुठला स्टँडऑफ हवा आणि कुठला काढायचा, ते लगेच दिसतं.

बोर्डाखाली, पण भोक नसलेल्या जागी, एकही स्टँडऑफ राहू देऊ नका. बोर्डाच्या पाठीवर सोल्डरची टोकं असतात. ती पितळेला टेकली की शॉर्ट. मग मशीन चालूच होत नाही, किंवा पंखा जेमतेम फिरून थांबतो. स्वस्त बोर्डांत एखादं भोक गाळलेलं असतं, तिथे हे हमखास होतं. स्टँडऑफ कमी पडले तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सुटे मिळतात. जाताना जुना एक नमुन्याला न्या, कारण आटे दोन प्रकारचे असतात आणि चुकीचा पेच जोर लावून बसवला की आटे जातात.

मिनी-आयटीएक्स बोर्ड मोठ्या टॉवरमध्ये बसवला. पुढच्या बटणाच्या आणि यूएसबीच्या वायरी पोहोचत नाहीत. (सातारा)

या जोडीतली खरी अडचण हीच. टॉवरच्या वायरी बोर्डाच्या खालच्या कडेपर्यंत येतील अशा बेताने कापलेल्या असतात, आणि तुमच्या बोर्डाची कड आता कितीतरी वर गेली आहे. आधी वायरींची वाट बदलून पाहा. खालच्या खाचेतून आणण्याऐवजी पत्र्यामागून बोर्डाच्या अगदी शेजारच्या भोकातून काढा. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. नाहीच पुरल्या तर यूएसबी ३ आणि ऑडिओची एक्स्टेन्शन केबल तयार मिळते. बटणाच्या बारीक वायरींना जोड वायरी चालतात.

यूएसबी ३ ची केबल ताठ असते. ओढून लावाल तर कनेक्टर तिरपा बसून पिना वाकतील, म्हणून ती सैलच हवी. प्रोसेसरच्या आठ पिनी केबलची चिंता नको, तिचा कनेक्टर सहसा वरच्या कडेलाच असतो.

बोर्डाला सहाच पेच लागले. उजवी कड अधांतरी आहे आणि बोर्डाला वीज देणारा २४ पिनी कनेक्टर दाबताना बोर्ड वाकतो. (कोल्हापूर)

तुमचा बोर्ड नावाला मायक्रो-एटीएक्स, पण रुंदीला कमी आहे. खर्च वाचवायला कंपन्या तो पुढच्या बाजूने अरुंद करतात. मग पेचांचा तिसरा उभा स्तंभ बोर्डाबाहेर जातो, आणि रॅम व २४ पिनी कनेक्टर नेमके लोंबत्या भागावर येतात. बोर्ड चालतो, अडचण दाबताना येते. वारंवार वाकला तर आतल्या बारीक तांब्याच्या रेषा किंवा सोल्डरचे जोड तडकू शकतात.

रॅम बोर्ड बाहेर असतानाच बसवा. २४ पिनी कनेक्टर लावताना दुसऱ्या हाताची बोटं कडेखाली धरून आधार द्या. काढताना खटका दाबून सरळ वर ओढा, हलवत हलवत नको. कायमचा आधार हवा असेल तर नायलॉनचा स्टँडऑफ कडेखाली ठेवता येतो. बोर्डाखाली स्पंज किंवा चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवी मात्र कधीही नको. त्या पिशवीत धातूचा थर असतो.

रिकाम्या जागेमुळे तापमान वाढेल का? (पनवेल)

नाही. पुढून हवा आत, मागून बाहेर, एवढं पाहा आणि मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या लावून ठेवा, नाहीतर तिथून धूळ येते.

नवा बोर्ड बसवल्यापासून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. पेच कमी लावल्यामुळे का? (चिपळूण)

पेचांचा यात दोष नाही. बोर्ड बदलताना प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला असेल, तर बहुधा त्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलला कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग नसेल तर त्या पत्र्यावर मेन्सच्या साधारण निम्मा दाब येतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. तरीही हे चालवून घेऊ नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि तोवर मशीनचा प्लग काढून ठेवा. एसएमपीएसमध्येच बिघाड असेल तर अर्थिंगशिवाय हाच पत्रा जिवावर बेतू शकतो.

ऑफिसातल्या जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपचा छोटा बोर्ड घरच्या कॅबिनेटमध्ये घालता येईल का? (बेळगाव)

वर सांगितलेलं सगळं प्रमाणित बोर्डांना लागू. ब्रँडेड डेस्कटॉपचा बोर्ड बऱ्याचदा त्या चौकटीत बसत नाही. आयओ प्लेट जुन्या कॅबिनेटच्या पत्र्यातच कोरलेली, एसएमपीएसचा कनेक्टर २४ ऐवजी वेगळाच, बटणाच्या पिनांची मांडणी कंपनीची स्वतःची. कधी पंखा मूळचा नसला तरी सुरू होताना एरर येते. बोर्ड काढण्याआधी पिना मोजा आणि पेचांची भोकं कागदावर उतरवा. २४ पिना असतील आणि भोकं जुळत असतील तर जरूर करा. नसतील तर अ‍ॅडॅप्टर जमवण्यापेक्षा ते मशीन आहे तसं एखाद्या शिकणाऱ्या मुलाला द्या आणि स्वतःसाठी साधा मायक्रो-एटीएक्स घ्या.