माझ्याच पत्त्यावरून मलाच धमकी!

प्रश्न : घरगुती मसाल्यांचा छोटा धंदा आहे, स्वतःचं डोमेन घेतलंय. गेल्या आठवड्यात माझ्याच पत्त्यावरून मला मेल आला, तुमचा अकाउंट हॅक केलाय, बिटकॉइन पाठवा म्हणून. घाबरून पासवर्ड बदलला, तो पत्ता ब्लॉक केला. तरी परवा 'मेल पोचला नाही' असे शंभरेक मेल आले, मी पाठवलेच नव्हते ते! वर एका दुकानदाराचा फोन, "ताई, बँक खातं बदललं का तुमचं?" आता काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी तो ब्लॉक काढा, स्वतःलाच ब्लॉक करून बसलायत तुम्ही. पैसे अजिबात पाठवू नका, ती धमकी हजारो लोकांना जशीच्या तशी जाते. पासवर्ड बदललात ते बरंच केलंत.

कसंय, पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो ना, ईमेलचं तसंच आहे, १९८२ साली त्याचे नियम लिहिले तेव्हा पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच ठेवली नव्हती. म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवायला तुमचा पासवर्ड लागतच नाही. आणि त्यातले जे चुकीच्या पत्त्यांवर गेले ते 'परत' कुणाकडे येणार, तर तुमच्याकडे, पत्ता तुमचा ना! ते येऊ देत, काही दिवसांत थांबतात.

मला काळजी वाटते ती दुकानदाराच्या फोनची. त्याला आलेल्या मेलमध्ये तुमचं खरं बिल, खरी रक्कम होती का? असेल तर मग हे नुसतं नाव वापरणं नाही, तुमची नाहीतर त्याची मेलपेटी कुणीतरी वाचतंय. सेटिंगमध्ये जाऊन आपण न लावलेलं फॉरवर्डिंग किंवा फिल्टर आहे का बघा (चोर हे हमखास लावून ठेवतो आणि पासवर्ड बदलला तरी ते तसंच राहतं), सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, टू-स्टेप (पासवर्डनंतर फोनवर दुसरी खात्री) चालू करा. दुकानदाराने त्या नव्या खात्यात पैसे भरले असतील तर त्याला लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करायला सांगा, उद्यावर ढकलू नका.

तो धमकीचा मेल जीमेलमध्ये उघडून तीन ठिपक्यांमधलं 'शो ओरिजिनल' दाबा. तिथे एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशा ओळी दिसतात, मेल खरंच त्या डोमेनकडून आलाय का हे तपासणाऱ्या या तीन चाचण्या, डीमार्कपुढे 'फेल' असेल तर मेल बनावट धरायचा. अर्थात तुमच्या डोमेनला डीमार्क लावलेलंच नसेल तर ती ओळच दिसणार नाही, आणि मला तोच संशय आहे. ज्याच्याकडून डोमेन घेतलंय त्याला सांगा, तिन्ही नोंदी डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगची जाहीर यादी) टाकून दे. डीमार्क मात्र आधी 'नन'वर (नुसतं बघा, अडवू नका) ठेवायचं, आपले खरे मेल पास होतायत ना बघायचं, मगच 'क्वारंटाइन' (संशयित मेल स्पॅममध्ये) आणि शेवटी 'रिजेक्ट' (सरळ नाकारा). घाईत डायरेक्ट रिजेक्ट केलं तर तुमचीच बिलं गायब!

एवढं करूनही इंग्रजी 'एम'च्या (m) जागी 'आर' आणि 'एन' जोडून (rn) कुणी तुमच्यासारखंच दिसणारं डोमेन घेतलं तर डीमार्कला ते पकडता येत नाही. म्हणून उद्यापासून प्रत्येक बिलाखाली मोठ्या अक्षरात छापाच : खातं बदललं तर फोन करून सांगू, मेलवर कधीच नाही.