मॉरिशस म्हणजे ‘छोटा भारत’च ना? मग तिथल्या मराठी माणसांना स्वतःला भारतीय म्हणवून घ्यायला का आवडत नाही?

प्रश्नाच्या खाली तुम्ही आणखी लिहिलंय की तिथले दोन-तृतीयांश लोक भारतीय वंशाचे, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी, नोटेवर देवनागरी. मग भारताला सोडून या देशाला वेगळं परराष्ट्र धोरण ते काय असणार? मी नोकरीनिमित्त २०१७ ते २०२० तिथे होतो, कात्र बोर्नमध्ये एका मराठी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने. जे पाहिलं त्यावरून सांगतो.

घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणायचो. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडचे, मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यावर गेलेले. गोऱ्या कारकुनाने वहीत त्यांचं पाळण्यातलं नावच लिहून घेतलं आणि पुढे तेच घराण्याचं आडनाव झालं. मावशींकडे गणपती बसायचा, कोकणातली जाखडी नाचायची मंडळी यायची (तिथे तिला झाकरी म्हणतात), आरत्या तोंडपाठ. पण आरतीची वही रोमन लिपीतली आणि आरती संपली की सगळं घर पुन्हा क्रिओलमध्ये (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली) बोलायला लागायचं. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, ‘म्हणजे तुम्ही आपल्याच की!’ त्या थांबल्या आणि शाळेत शिकलेल्या मराठीत सावकाश म्हणाल्या, ‘मी मराठी आहे. माझा देश हा आहे.’ मला ते लागलं. समजायला मात्र वर्ष गेलं.

समजलं ते एका नोटेमुळे. तिथल्या नोटेवर रक्कम आधी इंग्रजीत, तिच्याखाली तमिळमध्ये आणि मग देवनागरीत असते. १९९८ साली निघालेल्या नव्या नोटांवर तमिळ देवनागरीच्या खाली गेलं. तमिळ समाज रस्त्यावर उतरला, कारण त्यांचे कारागीर फ्रेंचांच्या काळातच पाँडिचेरीहून आले होते, म्हणजे मळ्यांवरच्या मजुरांच्या शंभर वर्षं आधी. शेवटी त्या नोटा मागे घेऊन नव्या छापाव्या लागल्या. आपल्याला ही एका ओळीची गोष्ट वाटेल. पण जिथे कुणीच मूळचा नाही, सगळेच जहाजाने आलेले आहेत, तिथे आपली ओळ कितवी हा जिव्हाळ्याचा प्रश्न असतो. आणि ‘भारतीय’ म्हणून आपण ज्यांची एकच मोट बांधतो ते तिथे हिंदी-भोजपुरीवाले, तमिळ, तेलुगू, मराठी आणि मुसलमान असे वेगवेगळे समाज आहेत. त्यांच्या शेजारी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज (त्यांनाही क्रिओलच म्हणतात), चिनी दुकानदारांची घरं, जुने फ्रेंच मळेवाले. अशा ठिकाणी देशाला ‘छोटा भारत’ म्हणायचं म्हणजे बाकीच्यांना घरात पाहुणे ठरवायचं.

आपण पाहुणे ठरू ही बाकीच्यांची भीती जुनी आहे. ऑगस्ट १९६७ ची निवडणूक स्वातंत्र्य हवं की नको यावरच झाली आणि जवळपास ४४ टक्के मतं विरोधातल्या पक्षाला पडली, कारण इंग्रज गेले की हिंदूंचं राज्य येईल असं अनेकांना वाटत होतं. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगली झाल्या, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले आणि दोन महिन्यांत, १२ मार्चला, हा देश स्वतंत्र झाला. आज १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी असते आणि २ नोव्हेंबरला गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांच्या, आगमनाची. संसदेचं काम इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, भाजीवाल्याशी घासाघीस क्रिओलमध्ये. आपापल्या घराबाहेर सगळ्यांना समान लागू पडेल असं एकच नाव उरतं, ‘मोरिसियें’, म्हणजे मॉरिशसचा माणूस. मावशी तेच सांगत होत्या.

परराष्ट्र धोरणाचं सूत्रही मला यातच दिसतं. कुणा एकाला मोठं केलं की घरात कुणीतरी दुखावणार. म्हणून हा देश राष्ट्रकुलातही आहे, फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेतही आहे आणि आफ्रिकी संघातही. २०२१ मध्ये त्याचा चीनशी मुक्त व्यापार करार १ जानेवारीला लागू झाला आणि भारताशी व्यापार करार १ एप्रिलला. मेट्रो भारताच्या पैशातून, भारतीय कंपनीने बांधली. मी रोझ हिलहून पोर्ट लुईला तिनेच जायचो, आणि लोक तिच्याबद्दल मोकळेपणाने चांगलं बोलायचे. पण मॉरिशसच्याच दूरच्या अगालेगा बेटावर भारताने धावपट्टी आणि धक्का बांधायला घेतला तेव्हा तेच लोक विचारू लागले, हा लष्करी तळ तर नाही? सरकारने वारंवार ‘नाही’ म्हटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं तरी शंका मिटलेली नाही. भारताने यावर रागावू नये असं मला मनापासून वाटतं. हा कृतघ्नपणा नाही, चागोस बेटांच्या प्रकरणात पोळलेला देश आहे तो.

चागोस बेटं ब्रिटनने १९६५ साली, स्वातंत्र्य द्यायच्या आधीच, मॉरिशसपासून तोडली आणि त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ दिला. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या दीड-दोन हजार माणसांना उचलून बहुतेकांना मॉरिशसच्या, काहींना सेशेल्सच्या बंदरात आणून सोडलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की वसाहत सोडण्याचं काम कायदेशीरपणे पूर्ण झालेलं नाही. त्या संध्याकाळी मावशींच्या घरी टीव्हीसमोर शेजारपाजारचे सगळे जमले होते: मराठी, क्रिओल, पलीकडचा चिनी किराणावाला. यांच्यापैकी कुणीही ती बेटं पाहिलेली नव्हती. ‘आमची बेटं’ मात्र सगळेच म्हणत होते. नोटेवरच्या ओळींवरून भांडणारा देश या एका गोष्टीवर एकमुखाने बोलतो. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देशांनी मॉरिशसच्या बाजूने मत दिलं, विरोधात फक्त ६ होते. भारताने बाजूने मत दिलं, तेव्हा खालच्या वाण्याने मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

२२ मे २०२५ ला ब्रिटनने करारावर सही केली. त्यात ठरलं ते असं: सार्वभौमत्व मॉरिशसचं, पण दिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनकडे भाड्याने. मला यात एक गोष्ट सलते. ज्यांना बेटावरून हाकललं त्यांच्यातल्या अनेकांचं म्हणणं आहे की वाटाघाटीत आम्हाला कुणी विचारलंच नाही. करारानुसार इतर बेटांवर वस्ती करता येईल, दिएगो गार्सियावर नाही. आणि सर्वात जास्त घरं होती ती तिथेच.